घरातल्या ड्रेनेजचा वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये आणि सेप्टिक टँक असलेल्या घरांत राहणाऱ्यांसाठी आहेत. प्लंबरला बोलावण्याआधी यातलं थोडं माहीत असलं तर निम्मे प्रश्न घरातच सुटतात. उरलेल्या निम्म्यांत प्लंबरला नेमकं काय सांगायचं ते कळतं.

ड्रेनेजचा वास मुळात येतो कुठून?

दोनच ठिकाणांहून. एक, जाळीच्या अलीकडे किंवा अगदी खाली काहीतरी कुजतंय: केस, साबणाचा गाळ, तेल, शितं. दोन, पाइपाच्या पलीकडची हवा घरात शिरतेय, म्हणजे चेंबरमधली, मैलापाण्याच्या उभ्या पाइपातली किंवा सेप्टिक टँकमधली. पहिल्यावर उपाय साफसफाई. दुसऱ्यावर कितीही घासा, उपयोग नाही. हवेची वाट बंद करावी लागते. लोक फिनेल ओतून थकतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. दुखणं दुसऱ्या प्रकारचं असतं आणि औषध पहिल्याचं चाललेलं असतं.

फरक ओळखायची सोपी खूण सांगते. कुजलेल्या गाळाचा वास आंबूस, कुबट असतो आणि जाळीला नाक लावलं की वाढतो. पाइपातल्या हवेचा वास सडलेल्या अंड्यांसारखा असतो, तो झुळकेसारखा येतो आणि जातो. शेजाऱ्यांनी फ्लश केला, पंखा लावला, दार बंद केलं की त्यात फरक पडतो.

प्लंबर सारखा ‘ट्रॅप’ म्हणतो, तो काय असतो?

पाइपाला दिलेला वाकडा भाग, ज्यात नेहमी थोडं पाणी अडून राहतं. सांडपाणी त्यातून पुढे निघून जातं, पण पलीकडची हवा त्या पाण्यातून अलीकडे येऊ शकत नाही. कमोडमध्ये दिसणारं पाणी म्हणजे हाच पडदा. बेसिनखाली बाटलीसारखा दिसतो तो बॉटल ट्रॅप, बाथरूमच्या जमिनीत असतो तो नहाणी ट्रॅप (प्लंबर ‘नानी ट्रॅप’ म्हणतात) आणि इमारतीबाहेर जमिनीलगत असतो तो गल्ली ट्रॅप. चांगल्या ट्रॅपमध्ये हा पडदा निदान ५० मिलिमीटर खोल असतो.

ही युक्ती जुनी आहे. लंडनमधला स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली वाकड्या पाइपाच्या शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यानंतर घरातल्या ड्रेनेजची सामग्री बिडापासून पीव्हीसीपर्यंत बदलली, पण वास अडवण्याचं काम आजही तेच ओंजळभर पाणी करतं. त्यामुळे वास आला की पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हे पाणी जागेवर आहे का?

गावाहून परत आलो की घर उघडताच घाण वास येतो. असं का?

ट्रॅपमधलं पाणी आटलंय. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला कोकणात गेलेल्या कुटुंबांची ही ठरलेली तक्रार आहे. वापर नसला तर तीन-चार आठवड्यांत उथळ ट्रॅप कोरडा पडतो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. वाट मोकळी झाली की त्याच रस्त्याने झुरळंही येतात.

खिडक्या उघडा, प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी ओता, कमोड फ्लश करा, बेसिन आणि सिंकचे नळ थोडे सोडा. तासाभरात घर मोकळं होतं. पुढच्या वेळी निघताना प्रत्येक जाळीत पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि पाणी आटायला वेळ लागतो. मुक्काम फारच लांबणार असेल तर जाळीवर जाडसर प्लास्टिक ठेवून चिकटपट्टीने बंद करा. किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल तर त्यांना महिन्यातून एकदा पाणी ओतायला सांगा. हा सर्वांत खात्रीचा उपाय.

बाथरूम रोज वापरतो. मग ट्रॅप कोरडा कसा असेल?

अंघोळीच्या भागातला नसेलही. पण हल्ली बाथरूमचे ओला आणि सुका असे दोन भाग करतात. सुक्या भागातल्या जाळीकडे कुणी पाणी सोडत नाही, फरशी पोछ्याने पुसली जाते. ड्राय बाल्कनीचं तेच आणि माळ्याजवळच्या जुन्या, कपाटाखाली गेलेल्या मोरीचंही तेच. घरातल्या सगळ्या जाळ्या मोजा. बहुतेकांना एखादी तरी विसरलेली जाळी सापडते. आठवड्यातून एकदा, झाडांना पाणी घालता त्या दिवशी, तिच्यात मगभर पाणी ओता.

जाळीत पाणी आहे, तरीही वास येतो.

आता गाळाकडे वळू. आपल्याकडच्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये तीन गोष्टी हमखास असतात: लांब केस, साबणाचा पांढरा थर आणि डोक्याचं खोबरेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी ते पाइपाच्या आतल्या बाजूला मेणासारखं बसतं, त्यावर केस चिकटतात, केसांवर साबण. पाणी संथ जायला लागतं आणि त्या लगद्यात जिवाणू वाढतात. हिवाळ्यात मोरी तुंबते आणि होळीच्या सुमाराला वासाची तक्रार येते, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

रबरी हातमोजे घाला. जाळी उचला, हाताने किंवा वाकवलेल्या तारेने केसांचा गुंता ओढून काढा. जुन्या टूथब्रशने कडा घासा. जाळीच्या खालच्या बाजूला सर्वांत जास्त घाण असते आणि तीच बाजू कुणी पाहत नाही. मग धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे घालून बादलीभर गरम पाणी एकदम ओता. उकळतं नको: पीव्हीसीचा पाइप ७०-८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि सांधे सैल होतात. हात बुडवला तर चटका बसेल, पण पोळणार नाही इतपत गरम पुरे.

एक गोष्ट आवर्जून तपासा. काही जाळ्यांच्या आत एक उलटी वाटी असते. पाणी लवकर जात नाही म्हणून घरातलं कुणीतरी, कधी कामाला आलेला माणूसही, ती काढून ठेवतो. काही बनावटींमध्ये ती वाटी म्हणजेच ट्रॅप. वाटी गेली की पाण्याचा पडदा गेला आणि थेट पाइपाचं तोंड उघडं झालं. वाटी गाळाने भरली म्हणून पाणी संथ जात होतं. ती धुवून परत बसवायची होती. हार्डवेअरच्या दुकानात जुनी वाटी नेऊन दाखवली तर त्याच मापाची मिळते.

सिंकखालचं कपाट उघडलं की वास येतो.

स्वयंपाकघरातल्या वासाचं हे सर्वांत मोठं कारण आणि सर्वांत सोपी दुरुस्ती. सिंकखाली पांढरा, घड्याघड्यांचा लवचीक पाइप असतो. तो भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या मोठ्या पाइपात नुसता खुपसलेला असतो. भोवतीची फट उघडीच. खालची सगळी हवा त्या फटीतून कपाटात येते आणि तिथे कांदे-बटाटे, भांड्यांचा साबण, कचऱ्याची पिशवी हेही असल्यामुळे संशय भलतीकडे जातो.

टॉर्च लावून ती फट बघा. रबरी बूच किंवा कॉलर मिळते. ती बसवून उरलेली जागा एम-सील किंवा सिलिकॉनने भरा. पुढे पाइप साफ करायला निघायला हवा, म्हणून सिमेंट भरू देऊ नका.

यानंतर पाहायचं ते ट्रॅप. सिंकचा पाइप ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये जात असेल तर पडदा तिथे आहे, सिंकखाली वेगळा नसला तरी चालतं. पण पाइप थेट डक्टमधल्या उभ्या लाइनला जोडला असेल आणि मधे वाकण नसेल, तर तुमच्या स्वयंपाकघरात आणि सगळ्या इमारतीच्या ड्रेनेजमध्ये काहीच आड नाही. तिथे ट्रॅप बसवून घ्या. तात्पुरतं म्हणून त्याच लवचीक पाइपाला वळसा देऊन ठेवतात, तो काही दिवस काम करतो, पण त्याच्या घड्यांमध्ये तूप-तेल साचून तोच नासतो. आतून गुळगुळीत ट्रॅप घ्या आणि त्याची खालची वाटी दर महिन्याला फिरवून उघडा. खाली बादली ठेवायला विसरू नका.

तळणीचं उरलेलं तेल, वनस्पती तुपाचा खरवड, साय काढलेल्या भांड्याचा थर हे सिंकमध्ये कधीच नको. वर्तमानपत्राच्या कागदाने पुसून कचऱ्यात टाका. चहाचा चोथा आणि भाताची शितं गाळणीतच अडवा. इडलीच्या पिठाचं भांडं धुताना भरपूर पाणी सोडा, नाहीतर पीठ ट्रॅपमध्ये बसून आंबतं आणि दुसऱ्या दिवशी सिंकला ताडीसारखा वास सुटतो.

मासे धुतले की दोन दिवस सिंकला वास राहतो.

माशांच्या वासातली मुख्य द्रव्यं अमाइन वर्गातली, म्हणजे अल्कधर्मी असतात. आंबट काहीही घातलं की त्यांचे क्षार बनतात आणि ते हवेत उडत नाहीत. कोकणात मासे धुतल्यावर हाताला आमसुलं किंवा लिंबू चोळतात त्याला पक्का रासायनिक आधार आहे. सिंकमध्येही तेच करा. आधी गार पाण्याने खवले आणि रक्त वाहून जाऊ द्या. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात. मग पिळलेल्या लिंबाच्या फोडी घासा किंवा आमसुलांचं पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि शेवटी साबण व कोमट पाणी. खवले मात्र गाळणीतून सुटता कामा नयेत. ते कुजायला बराच काळ लागतो.

बेसिन स्वच्छ दिसतं, पण तोंड धुताना वास येतो.

बेसिनच्या वरच्या कडेजवळ लहान भोक असतं, पाणी ओसंडू नये म्हणून ठेवलेलं. त्याच्या आतली पोकळी कधीच धुतली जात नाही. नरसाळ्याने किंवा बाटलीने तिथून कोमट साबणाचं पाणी जोरात सोडा आणि बाटल्या धुवायचा बारीक ब्रश आत फिरवा. बाहेर येणारा काळा चिकट थर पाहिलात की कारण समजेल.

वॉशिंग मशीनजवळ वास येतो.

मशीनचा पाइप जाळीत कोंबून जाळी अर्धवट उघडी राहिलीय का बघा. मशीनच्या पाइपासाठी भोक असलेली जाळी मिळते, ती बसवा. मशीन जोरात पाणी सोडतं तेव्हा ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जाऊ शकतं, म्हणून धुणं झालं की वरून मगभर पाणी ओता. दाराच्या रबरात साचलेला गाळ हे वासाचं आणखी एक कारण, त्याचा ड्रेनेजशी संबंध नाही.

वरच्या मजल्यावर फ्लश केला की आमच्या जाळीत गुडगुड आवाज येतो आणि मग वास येतो.

हा आवाज नीट ऐका, कारण तो प्लंबरला अर्धं निदान करून देतो. उभ्या पाइपातून पाण्याचा मोठा लोंढा खाली येतो तेव्हा तो आपल्या मागे हवा ओढतो आणि पुढे हवा ढकलतो. ही हवा मोकळी ये-जा करावी म्हणून उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन उघडा ठेवलेला असतो, वर जाळीची टोपी म्हणजे काउल. काही इमारतींत यासाठी हवेचा वेगळा पाइपही असतो. ती वाट बंद झाली तर लोंढा हवा दुसरीकडून घेतो, म्हणजे तुमच्या ट्रॅपमधून. पाणी शोषलं जातं, गुडगुड होते, पडदा तुटतो. खालच्या मजल्यांवर उलटं होतं: हवा पाण्यातून बुडबुडत वर घरात येते. तळमजल्याच्या फ्लॅटला हा त्रास जास्त होतो. तिथली लाइन उभ्या पाइपाला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरला नेलेली असणं केव्हाही चांगलं.

वाट बंद का होते? काउल तुटून पाइपात पडलेला, कबुतराचं घरटं, पाण्याच्या टाकीच्या कामात कुणीतरी टोपण लावलेलं. अलीकडे आणखी एक कारण वाढलंय. गळती थांबावी म्हणून सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात आणि पाइप त्या शेडच्या आतच संपतात. मग वास गच्चीवर आणि जिन्यात कोंडतो. शेड घालताना प्रत्येक पाइप पत्र्याच्या वर न्यायला हवा. या कामाचा खर्च शेडच्या मानाने अगदी किरकोळ आहे आणि तरीही तो हमखास वगळला जातो.

एक्झॉस्ट फॅन लावला की वास कमी व्हायला हवा ना? आमच्याकडे वाढतो.

दार-खिडकी बंद असताना फॅन हवा बाहेर फेकतो, ती जागा भरायला हवा कुठून तरी यायलाच हवी. ट्रॅप कोरडा असेल तर सर्वांत सोपी वाट तीच. फॅन लावल्यावर वास वाढतो हा कोरड्या ट्रॅपचा जवळजवळ पुरावाच समजा.

याचं फार गंभीर उदाहरण २००३ साली हाँगकाँगमध्ये घडलं. आमॉय गार्डन्स या गृहसंकुलात सार्स या श्वसनाच्या साथरोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. बाथरूमच्या फरश्या धुण्याऐवजी पुसल्या जात असल्यामुळे जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट फॅनने उभ्या पाइपातले दूषित तुषार घराघरांत ओढले गेले, असं तपासात पुढे आलं. ते ओंजळभर पाणी वासाहून मोठ्या गोष्टी अडवत असतं.

दाराखाली बोटभर फट ठेवा किंवा फॅन चालू असताना दार किंचित उघडं ठेवा. आणि ट्रॅप भरलेला ठेवा.

पावसाळ्यातच वास जास्त का येतो?

पावसाचं पाणी ड्रेनेजच्या लाइनमध्ये शिरलं की लाइन भरते आणि आतली हवा मागे ढकलली जाते. कोकणात जमिनीतली पाण्याची पातळी वर आल्याने शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि सेप्टिक टँक तुडुंब होतो. शिवाय दमट, स्थिर हवेत वास विरत नाही. मृगाच्या आधी, मे संपता संपता चेंबर साफ करून घेतले की जुलैतला बराच त्रास टळतो. चेंबरची झाकणं तुटकी असतील तर तीही तेव्हाच बदला.

कमोड चकाचक आहे, पण त्याच्या बुडाशी वास येतो.

कमोड आणि जमिनीतला किंवा भिंतीतला पाइप यांचा सांधा फाटलाय. कमोडवर बसल्यावर तो किंचित हलतो का पाहा. बुडाभोवतीचं पांढरं सिमेंट तडकलं असेल आणि तिथून ओल येत असेल तर वरून नवं सिमेंट फासून उपयोग नाही. कमोड काढून सांध्याचं रबर बदलावं लागतं. हे काम लांबवू नका, खालच्या घराच्या छतात मैलापाणी झिरपतं.

फक्त गरम पाण्यालाच वास येतो.

मग ड्रेनेज निर्दोष आहे. ते पाणी ग्लासात घेऊन दुसऱ्या खोलीत जा आणि वास घ्या. तिथेही आला तर गिझरकडे पाहा. टाकीच्या गिझरमध्ये गंज रोखायला मॅग्नेशियमची कांडी असते. बोअरच्या पाण्यात सल्फेट असेल तर काही जिवाणू त्या कांडीच्या साथीने सडक्या अंड्यांचा वास तयार करतात. मेकॅनिककडून टाकी धुवून घ्या आणि कांडी तपासून घ्या.

वास स्वयंपाकघरात, जमिनीलगत येतोय. ड्रेनेजच असेल ना?

आधी सिलिंडर बघा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात आणि त्याचा वास सडक्या कोबीसारखा, पुष्कळांना गटारासारखाच वाटतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, मोरीच्या आसपास साचतो. शंका आली तर विजेचं कुठलंही बटण लावू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरून १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. काडी पेटवून खात्री करायला कुणालाही जाऊ देऊ नका.

नेमकी कुठली जाळी, हे कसं शोधायचं?

रात्री झोपण्यापूर्वी सगळ्या जाळ्यांत पाणी ओता. सकाळी वास नसेल तर कुठला तरी ट्रॅप कोरडा होता, काम झालं. वास असेल तर पुढच्या रात्री प्रत्येक जाळीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने घट्ट लावा आणि सकाळी एकेक उचलून वास घ्या. दोषी जाळी लगेच कळते. सांध्यांसाठी टिश्यू पेपरची बारीक पट्टी फटीसमोर धरा. ती हलली तर तिथून हवा येतेय. टॉर्च लावून ट्रॅपमध्ये पाणी चमकतंय का तेही पाहा. दोन-तीन दिवस पाणी ओतूनही दर सकाळी ट्रॅप रिकामा असेल, तर तो तडकलाय किंवा वरच्या हवेची वाट बंद आहे. इथे प्लंबर हवा.

अगरबत्तीच्या धुराने तपासायची पद्धत काही जण सुचवतात. चेंबर किंवा सेप्टिक टँकजवळ ती मुळीच वापरू नका, तिथे मिथेन असतो.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर खरंच काम करतात का?

फेस छान येतो. पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. फेसाने वरचा सैल गाळ थोडा हलतो, एवढंच. चिकट तुपा-तेलावर धुण्याचा सोडा आणि गरम पाणी अधिक चांगलं काम करतं, कारण त्याचा अल्कधर्म तेलाला साबणासारखं करून सोडवतो.

आणि बाजारातली ड्रेन पावडर, ॲसिड, डांबराच्या गोळ्या?

ड्रेन पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा. केस आणि तेल ती विरघळवते, पण पुरेशा पाण्याशिवाय टाकली तर ट्रॅपमध्येच दगडासारखी घट्ट बसते. हातमोजे आणि चष्मा घालून, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, क्वचितच वापरा. ती टाकल्यानंतर प्लंबर आला तर त्याला आधी सांगा. न सांगितल्यामुळे त्याचा हात आणि डोळे भाजू शकतात.

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. आज एक वापरलं तर त्याच दिवशी दुसरं नको.

डांबराच्या गोळ्या वास घालवत नाहीत, वर दुसरा वास चढवतात. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ तान्ह्या बाळांना, विशेषतः जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना, अपायकारक असते. त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात. घरात बाळ असेल तर त्या ठेवूच नयेत. माझं मत विचाराल तर कुणाच्याच घरात नकोत.

जाळीभोवती केसाळ पंखांच्या बारीक माश्या दिसतात.

त्या गाळातच अंडी घालतात. फवारा मारून उडणाऱ्या मरतात, अळ्या गाळात सुरक्षित राहतात. पाइपाच्या कडा ब्रशने खरवडून गाळ काढा. दोन-तीन आठवडे नेमाने केलंत तर त्या थांबतात.

हा वास आरोग्याला घातक आहे का?

घरात येतो तेवढ्या प्रमाणात सहसा त्रासदायक असतो, प्राणघातक नाही. डोकं दुखतं, मळमळतं, दम्याच्या रुग्णांना जास्त त्रास होतो. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. आपलं नाक हा वायू अब्जातल्या काही भागांइतका असतानाच ओळखतं, म्हणून तीव्र वास म्हणजे लगेच विष असं नाही.

उलट गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास पोहोचलं की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या माणसाला वाटतं की आता हवा बरी झाली, आणि त्यानंतर तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो.

सेप्टिक टँकचा वास येतो. काय करावं?

दर दोन-तीन वर्षांनी टँकमधला गाळ सक्शन गाडीने उपसून घ्या. भरेपर्यंत वाट पाहू नका. टँकचा हवेचा पाइप छतापेक्षा वर गेलेला असावा आणि वर मच्छरजाळी असावी. ती जाळी कोळिष्टकांनी बुजते, तीही पाहा. झाकणाच्या कडा सिमेंटने बंद हव्यात. घरात फिनेल आणि ॲसिड रोज भरमसाट ओतलं तर टँकमधले मैला जिरवणारे जिवाणू मरतात आणि वास वाढतो. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, डायपर कमोडमध्ये कधीच नकोत.

आणि काहीही झालं तरी टँकमध्ये माणूस उतरवू नका. “पाच मिनिटांचं काम आहे, मी उतरतो” असं कुणी स्वतःहून म्हणाला तरीही नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून सफाई करून घेणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा सफाईत होणाऱ्या मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तरीही दरवर्षी माणसं मरतात, पुष्कळदा दोनदोन-तीनतीन एकत्र, आणि पुष्कळदा कुणाच्या तरी घराचा किंवा सोसायटीचा टँक साफ करताना. गाडीसाठी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा. झाकण उघडलं असेल तर जवळ मुलं नकोत, विडी-सिगारेट नको. आत कुणी पडला तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा.

दुरुस्तीचा खर्च कुणाचा, माझा की सोसायटीचा?

घराच्या आतले ट्रॅप, जाळ्या, सांधे तुमचे. डक्टमधल्या सामाईक लाइन, चेंबर, सेप्टिक टँक, गच्चीवरचे काउल यांची देखभाल आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सोसायटीची. तक्रार लेखी द्या आणि त्यात वेळ लिहा: वास कधी येतो, वरच्यांच्या फ्लशनंतर येतो का, किती मजल्यांवर येतो. एकाच उभ्या लाइनवरच्या तीन-चार घरांनी मिळून अर्ज दिला तर समितीला ती एका घरातली कुरबुर आहे असं म्हणता येत नाही.

बाथरूम नव्याने करायचंय. कंत्राटदाराला काय सांगू?

फरशी बसण्याआधी स्वतः जाऊन प्रत्येक ट्रॅप पाहा आणि फोटो काढून ठेवा. जुन्या फरशीवर नवी बसवताना जाळीची उंची वाढते. तेव्हा ट्रॅपचं तोंड नीट वर आणलंय का, की मधे विटांची उघडी पोकळी सोडलीय, हे बघा. त्या पोकळीत साचलेलं पाणी पुढे वर्षानुवर्षं नासत राहतं. सुक्या भागातली जाळी स्वतंत्र न ठेवता बेसिनचं पाणी तिच्याच ट्रॅपमधून जाईल अशी जोडणी मागा, म्हणजे तो ट्रॅप रोज आपोआप भरेल. ट्रॅप खोल पडद्याचा घ्या, जाळी उचलता येणारी घ्या. जुना, वापरात नसलेला पाइप नुसता फरशीखाली गाडू देऊ नका, त्याला टोपण लावून सोल्व्हंटने बंद करायला सांगा. आणि फरशी लागली की शेवटचा हप्ता देण्याआधी सगळ्या जाळ्यांत बादलीभर पाणी ओतून, दुसऱ्या दिवशी टॉर्चने ट्रॅपमध्ये पाणी आहे का ते तपासा.